बेलफास्टला माल पाठवताना: एकाच देशातली कस्टम्सची सीमा आणि तुमचे कागद

सुती कुर्त्यांचं एक खोकं लेस्टरच्या गोदामातून ग्लासगोला निघालं तर त्याला कस्टम्सचा कागद लागत नाही. तेच खोकं बेलफास्टला निघालं तर लागतो. दोन्ही शहरं एकाच देशातली. चलन एक, संसद एक, पंतप्रधान एक. ब्रिटनमध्ये दुकान किंवा घाऊक धंदा चालवणारे मराठी व्यापारी, बेलफास्टमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणारी कुटुंबं आणि महाराष्ट्रातून तिकडे माल पाठवणारे निर्यातदार या तिघांचाही गोंधळ इथेच होतो. कुणी सांगतं, ब्रेक्झिटनंतरही उत्तर आयर्लंड युरोपातच राहिलं. कुणी सांगतं, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या विंडसर करारानंतर सगळं पूर्ववत झालं. दोन्ही अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट माहितीवर भरलेल्या घोषणापत्राचा भुर्दंड भरणाऱ्याच्याच माथी बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सीमा मालाच्या अंतिम मुक्कामावर बेतलेली आहे. माल शेवटी कोणाच्या हातात जाणार हे तुम्ही दाखवू शकलात तर ती फारशी आडवी येत नाही. दाखवू शकला नाहीत, तर तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी परदेशात माल नेल्यासारखं शुल्क भरावं लागतं.

सीमा समुद्रात का गेली

युनायटेड किंगडम ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि संक्रमणकाळ त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपला. बाहेर पडताना लंडनच्या सरकारला तीन गोष्टी एकदम हव्या होत्या: संघाचा सामायिक बाजार आणि कस्टम्स युनियन सोडायची, आयर्लंड बेटावर तपासणीची चौकी उभी राहू द्यायची नाही, आणि देशांतर्गत व्यापारात काही बदलू द्यायचं नाही. या तिन्ही एकत्र जमत नाहीत, कारण दोन वेगळ्या शुल्कव्यवस्था जिथे भिडतात तिथे कुठेतरी माल पाहावाच लागतो. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सरहद्द सुमारे ५०० किलोमीटरची आहे आणि तिला दोनशेहून जास्त रस्ते छेदतात. १९९८च्या गुड फ्रायडे कराराआधीच्या तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली, आणि सरहद्दीवरच्या चौक्या हल्ल्याचं नेहमीचं लक्ष्य होत्या. त्यामुळे जमिनीवर चौकी नको, यावर लंडन, डब्लिन आणि ब्रसेल्स तिघांचंही एकमत होतं. मग पर्याय दोनच उरले. पर्यायी व्यवस्था सापडेपर्यंत सगळा देशच संघाच्या कस्टम्स चौकटीत ठेवण्याचा तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेने तीन वेळा फेटाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोरिस जॉन्सन यांनी दुसरा पर्याय घेतला: उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत संघाचे नियम लागू राहतील आणि तपासणी ग्रेट ब्रिटनमधून येणाऱ्या मालाची, लार्न, बेलफास्ट, वॉरनपॉइंट अशा बंदरांवर होईल.

देशाच्या पोटात नाका असणं मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत मुंबईत शिरणारा ट्रक दहिसर किंवा मुलुंडला जकात भरत होताच. फरक मोठा आहे. जकातीचा दर पालिकेचा होता आणि पालिकेत तुमचा नगरसेवक होता. बेलफास्टच्या बंदरावर जे नियम लागतात ते ब्रसेल्समध्ये ठरतात, आणि तिथे उत्तर आयर्लंडचा एकही मतदार प्रतिनिधी पाठवत नाही. तिथल्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या पक्षांचा राग यातूनच येतो, आणि तो खोटा नाही.

पहिला प्रश्न: माल शेवटी कुठे जाणार?

उत्तर आयर्लंडबाबतच्या या करारातलं कलम ४ सांगतं की उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमच्याच कस्टम्स क्षेत्राचा भाग आहे. त्याच्या पुढचंच कलम ५ सांगतं की तिथे संघाची कस्टम्स संहिता लागू होईल. अनेक जण पहिलं कलम वाचून निर्धास्त होतात. व्यवहारात तुमच्यावर बंधन येतं ते दुसऱ्याचं. त्यातलं गृहीतक नीट लक्षात घ्या. बाहेरून उत्तर आयर्लंडमध्ये येणारा प्रत्येक माल पुढे प्रजासत्ताकात, म्हणजे संघाच्या बाजारात शिरण्याचा ‘धोका’ असलेला मानला जातो. तो तसा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. सिद्ध झालं तर संघाचं आयातशुल्क लागत नाही. नाही झालं तर संघाचं शुल्क लागतं.

ग्रेट ब्रिटनमधून माल नेत असाल तर ‘धोका नाही’ असं जाहीर करण्यासाठी पुढची तयारी हवी:

- ‘यूके इंटर्नल मार्केट स्कीम’मध्ये नोंदणी. ही योजना ३० सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे आणि आता ग्रेट ब्रिटनमध्ये बस्तान असलेल्या व्यापाऱ्यांनाही खुली आहे.
- ‘एक्सआय’ने सुरू होणारा ईओआरआय क्रमांक, म्हणजे उत्तर आयर्लंडशी व्यवहार करणाऱ्यांची कस्टम्स ओळख.
- माल उत्तर आयर्लंडमध्ये किंवा देशात अन्यत्र अंतिम ग्राहकाला विकला जाणार, याचा कागद: बिलं, गिऱ्हाइकांची नोंद, साठ्याचा हिशेब.
- त्या मालावर तिथे प्रक्रिया होणार असेल, तर व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख पौंडांच्या आत असणं, किंवा प्रक्रिया ठरावीक क्षेत्रांतली असणं; उदाहरणार्थ, देशातच विकायचे खाद्यपदार्थ किंवा बांधकाम.

घोषणापत्र स्वतः भरणं जड वाटत असेल तर सरकारची ‘ट्रेडर सपोर्ट सर्व्हिस’ ते काम मोफत करून देते. १ मे २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना पूर्ण घोषणापत्राऐवजी कमी माहितीचं सोपं घोषणापत्र भरता येतं. नोंदणी मोफत आहे, म्हणून महिन्याला एक खोकं पाठवणाऱ्यानेही ती करावी असं माझं मत आहे.

खरी अडचण येते ती घाऊक व्यापाऱ्याला. समजा, बेलफास्टमधला एक घाऊकवाला लेस्टरहून कुर्त्यांची दोनशे खोकी मागवतो. काही न्यूरीच्या दुकानाला जाणार, काही डंडॉकच्या. न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये, डंडॉक प्रजासत्ताकात, मध्ये अंतर वीसेक किलोमीटर आणि वाटेत एकही फाटक नाही. न्यूरीची खोकी ‘धोका नाही’ म्हणून जाहीर करता येतात, डंडॉकची नाहीत. माल उतरतानाच कुठली खोकी कुठे जाणार हे माहीत नसेल, तर सुरक्षित वाट एकच: सगळ्यावर संघाचं शुल्क भरा आणि न्यूरीत विकलेल्या मालाचे पुरावे जोडून परतावा मागा. परताव्याची योजना ३० जून २०२३ पासून चालू आहे. पण तोवर तुमचा पैसा अडकतो. म्हणून मागणी घेतानाच दुकानवार वेगळी बिलं करा आणि खोक्यांवर खुणा वेगळ्या ठेवा. या साध्या सवयीने भांडवल मोकळं राहतं.

इथे आणखी एक खड्डा आहे आणि भारतीय माल विकणारे त्यात हटकून पडतात. ब्रिटन आणि संघ यांच्यात ३० डिसेंबर २०२० रोजी सह्या झालेल्या व्यापार करारानुसार दोघांमध्ये आयातशुल्क शून्य आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते शून्य ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालासाठी आहे. तिरुपूर किंवा इचलकरंजीहून आलेलं कापड लेस्टरमध्ये नुसतं नव्या पिशवीत भरल्याने ब्रिटिश होत नाही. त्यामुळे ‘धोका’ लागला की त्यावर संघाचा पूर्ण दर बसतो, आणि बहुतेक सुती तयार कपड्यांवर संघाचा सर्वसाधारण दर १२ टक्के आहे. घाऊक व्यापारात नफ्याचा सगळा वाटा एवढ्याने उडू शकतो.

भारतातून पाठवणाऱ्यांसाठी: थेट की ब्रिटनमार्गे?

भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या आणि कपड्यांसह बहुतांश भारतीय मालावरचं ब्रिटिश शुल्क शून्यावर आणण्याचं त्यात ठरलं. ‘बेलफास्ट ब्रिटनमध्ये, म्हणजे बेलफास्टलाही शून्य’ हा निष्कर्ष मात्र काढू नका. तिसऱ्या देशातून थेट उत्तर आयर्लंडमध्ये येणाऱ्या मालासाठी कसोटी वेगळी आहे: संघाचा दर ब्रिटिश दरापेक्षा जास्त असेल, तर आयातदार नोंदणीकृत असेल आणि तो फरक तीन टक्क्यांहून कमी असेल तरच ‘धोका नाही’ म्हणता येतं. गंमत अशी की ब्रिटनचा दर जितका उतरेल तितकी ही दरी वाढते. ब्रिटनमध्ये शून्य आणि संघात १२ टक्के असेल तर फरक बारा टक्क्यांचा, म्हणून थेट बेलफास्टला उतरलेल्या कुर्त्यांवर संघाचं शुल्क आधी भरावं लागेल. भारताशी झालेला करार जितका चांगला, तितकी थेट वाट जास्त अडचणीची. ज्या दिवशी संघाचा दर बदलेल त्या दिवशी हे गणितही बदलेल. म्हणून प्रत्येक मोसमाआधी दोन्ही दर शेजारी ठेवून पाहा.

दुसरी वाट म्हणजे माल आधी ग्रेट ब्रिटनच्या बंदरात उतरवून तिथलं शुल्क भरायचं आणि मग नोंदणीकृत व्यापाऱ्यामार्फत आयरिश समुद्र ओलांडायचा. या वाटेवर तीन टक्क्यांची कसोटी लागत नाही. अंतिम ग्राहक उत्तर आयर्लंडमध्ये आहे, हे दाखवता आलं की पुरतं. वाहतुकीचा एक टप्पा वाढतो, पण बेलफास्ट-डेरीच्या दुकानांसाठी पाठवणाऱ्या लहान निर्यातदाराला हीच वाट बहुधा परवडते. खरेदीदाराचा कल प्रजासत्ताकाकडे असेल तर मात्र उलट करा: माल सरळ डब्लिनला उतरवा. एकदा संघाचं शुल्क भरून आत गेलेला माल डब्लिनहून बेलफास्टला कोणत्याही कस्टम्स कागदाशिवाय जातो.

उत्तर आयर्लंडमध्येच उत्पादन करणाऱ्यांना या व्यवस्थेचा फायदाही आहे, आणि तो वादविवादात फार कमी बोलला जातो. तिथून प्रजासत्ताकात आणि उरलेल्या संघात माल जाताना कस्टम्स नाही, आणि ग्रेट ब्रिटनमध्ये जातानाही जवळजवळ नाही. दोन्ही बाजारांत अशी मोकळी वाट युरोपात दुसऱ्या कुठल्याच प्रदेशाला नाही.

खाद्यपदार्थ: शुल्कापेक्षा आरोग्यनियम जड

दूध, मांस, मासे, रोपं यांच्या बाबतीत शुल्क हा दुय्यम प्रश्न आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उत्तर आयर्लंडच्या दुकानांत जाणाऱ्या किरकोळ विक्रीच्या खाद्यपदार्थांसाठी वेगळी योजना आहे. तिच्यात नाव नोंदवलं असेल तर एका ट्रकमधल्या सगळ्या मालाला एकच सर्वसाधारण प्रमाणपत्र चालतं. नसेल तर प्रत्येक मालासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आणि तपासणी. या सवलतीच्या बदल्यात पाकिटावर ‘नॉट फॉर ईयू’ अशी खूण हवी. ती आधी मांसाला आणि काही दुग्धजन्य पदार्थांना, ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या दुग्धजन्य पदार्थांना आणि जुलै २०२५ पासून उरलेल्यांपैकी बऱ्याच पदार्थांना लागू झाली. बिस्किटं, चॉकलेट अशा टिकाऊ मालाला ती लागत नाही. तुमच्या दुकानात पनीर, श्रीखंड, गोठवलेले मोमो असं काही असेल, तर पुरवठादाराला लेबलाबद्दल खरेदीच्या आधी विचारा. बंदरावर पोहोचल्यावर लेबल चिकटवता येत नाही. मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या शिखर बैठकीत ब्रिटन आणि संघाने खाद्यपदार्थांच्या नियमांवर वेगळा करार वाटाघाटीला घ्यायचं ठरवलं. तो झाला की हे ओझं बरंच कमी होईल. पण करार अमलात आल्याची अधिकृत सूचना हाती येईपर्यंत लेबलं लावणं थांबवू नका.

भेटीला येणाऱ्या आई-वडिलांच्या बॅगेबद्दलही इथेच सांगतो. भारतातून डब्लिनमार्गे बेलफास्टला येताना संघाचे नियम लागतात. पेढे, खवा, पनीर, तूप आणि कुठलंही मांस आणता येत नाही. फळांपैकी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय फक्त पाच चालतात: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. हापूस त्या यादीत नाही, त्यामुळे हौसेने आणलेली पेटी विमानतळावर जप्त होऊ शकते. लोणचं, चिवडा, मसाले यांचा प्रश्न सहसा येत नाही. चिवड्यातला कढीपत्ता तळलेला असतो, पण कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्या मात्र बॅगेत टाकू नका.

घरी मागवलेलं पार्सल आणि तुमचे हक्क

१ मे २०२५ पासून ग्रेट ब्रिटन ते उत्तर आयर्लंड पार्सलांचे नियम बदलले. मँचेस्टरच्या मावशीने बेलफास्टच्या भाचीला पाठवलेल्या साडीला कसलीही घोषणा लागत नाही. दुकानाने ग्राहकाला पाठवलेलं पार्सल अधिकृत वाहतूकदारामार्फत गेलं पाहिजे, पण घेणाऱ्याने काही भरायचं नसतं. व्यवसायाने व्यवसायाला पाठवलेल्या पार्सलाला मात्र वर सांगितलेली नोंदणी आणि घोषणापत्र लागतं. घरून दागिने किंवा तोरणं विकणाऱ्या अनेक मराठी स्त्रिया ग्राहकांना पाठवण्यापुरत्या सुटल्या असं समजतात, पण त्यांना दुसरा नियम गाठतो: १३ डिसेंबर २०२४ पासून संघाचा उत्पादन-सुरक्षा कायदा उत्तर आयर्लंडमध्येही लागू आहे, आणि त्यानुसार विक्रेत्याचा एक जबाबदार प्रतिनिधी संघात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असावा लागतो. बेलफास्टमध्ये नातेवाईक किंवा विश्वासू दुकानदार असेल, तर ती जबाबदारी काय आहे हे नीट सांगून त्यांच्याशी लेखी व्यवस्था करा.

याच नियमामुळे कित्येक लहान विक्रेते ‘उत्तर आयर्लंडला पाठवत नाही’ अशी पाटी लावून मोकळे झाले. त्यांना पाठवायला भाग पाडण्याचा हक्क ग्राहकाला नाही, आणि हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत अन्यायाचं टोक वाटतं. पण जे हक्क आहेत ते वापरा:

- ऑर्डर देण्याआधी न सांगितलेला जादा आकार नंतर मागितला गेला, तर तो तुमच्यावर बंधनकारक नाही.
- ऑनलाइन खरेदी माल मिळाल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येते. ताजं अन्न, मापानुसार शिवलेले कपडे असे थोडेच अपवाद.
- तक्रार ऐकली जात नसेल तर बेलफास्टमधली ‘कन्झ्युमर कौन्सिल’ मोफत मदत करते.
- प्रजासत्ताकातल्या किंवा युरोपातल्या दुकानातून मागवलेल्या मालाला बेलफास्टमध्ये कस्टम्स नाही; ब्रिटिश विक्रेत्याने नकार दिला की हा पर्याय आधी पाहा.

औषधांचा प्रश्न बराच सुटला आहे. १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या देशासाठी एकच मान्यता आणि ‘यूके ओन्ली’ खुणेचं एकच पाकीट चालतं, त्यामुळे लंडनच्या डॉक्टरने लिहिलेलं औषध डेरीत मिळायला कस्टम्सचा अडथळा नाही.

‘कोणी तपासत नाही, मग कशाला?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याला आधारही आहे. जानेवारी २०२१ पूर्वी खुद्द पंतप्रधान जॉन्सन यांनी उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की कागद मागितले तर केराच्या टोपलीत टाका. ज्यांनी तो शब्द धरला, त्यांचे ट्रक पहिल्याच महिन्यात बंदरावर अडकले. आज ओळख-तपासणीचं प्रमाण कमी आहे, हे खरं. पण कस्टम्सचं काम आता बंदरावर कमी आणि हिशेबवह्यांत जास्त चालतं. नोंदणी देताना सरकार तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, त्या बदल्यात नंतर केव्हाही नोंदी मागू शकतं. पुरावा नसेल तर शुल्क मागे जाऊन आकारलं जातं आणि नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणी गेली की पुढचं प्रत्येक खोकं ‘धोक्या’चं.

दुसरा आक्षेप घटनेचा. १८०० सालच्या संघीकरणाच्या कायद्याने दोन्ही बेटांतल्या प्रजेला व्यापारात समान वागणूक दिली असताना असा भेद चालतोच कसा? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२३ रोजी याचं उत्तर दिलं: संसदेने नंतर केलेल्या कायद्याने त्या जुन्या तरतुदीवर मात केली, म्हणून व्यवस्था कायदेशीर आहे. न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न राजकारणात खुला आहे. घोषणापत्र भरताना तो उपयोगाचा नाही. तिसरा आक्षेप, हे सगळं लवकरच जाईल, म्हणून नोंदणीचा खटाटोप नको. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने याच मुद्द्यावर उत्तर आयर्लंडचं सरकार दोन वर्षं बंद पाडलं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि १० डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या विधानसभेने ४८ विरुद्ध ३६ मतांनी ही व्यवस्था आणखी चार वर्षं चालू ठेवली. धंद्याचा बेत आखताना ही मुदत धरा.

पासपोर्टाची सीमा वेगळी आहे

शेवटचा गोंधळ मालाचा नसून माणसाचा, आणि त्याची किंमत मोठी असू शकते. मालासाठी सीमा समुद्रात गेली, म्हणून जमिनीवरची सरहद्द संपली असं भारतीय पासपोर्टधारकांनी समजू नये. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना ती खुली आहे. दीर्घ मुदतीच्या ब्रिटिश व्हिसावर डेरीत राहणाऱ्या भारतीय परिचारिकेला किंवा बेलफास्टमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सरहद्दीपलीकडे प्रजासत्ताकातल्या लेटरकेनीला बाजाराला जायचं असलं तरी वेगळा आयरिश व्हिसा लागतो. अल्पकाळाच्या पाहुण्यांसाठी काही सवलती आहेत, पण त्या तिथे स्थायिक राहणाऱ्यांना लागू पडतातच असं नाही. रस्त्यावर चौकी दिसत नाही, तरी सरहद्दीजवळच्या बसमध्ये आयरिश पोलीस अधूनमधून कागद तपासतात. डब्लिनहून विमान पकडायचं असेल, तर तिकिटाआधी व्हिसाचा अर्ज करा.